सहा जणांचा नाडा

मी एक जुना नाडा आहे, मित्रांनो. मनगटाएवढा जाड दोर, अंबाडीच्या वाखाचा. आरमोरीच्या लटारूने मला वळले, तेव्हा तो बायकोला म्हणाला होता, "हत्तीले बांध, तुटनार नाई." मी केवढा फुगलो होतो! पुढे कुरखेड्याच्या जंगलात, नाल्यातून सागाचे ओंडके वर गाडीवाटेवर ओढायला मला नेले. ती १९५४ सालची गोष्ट.

मला ओढणारी टोळी सहा जणांची. सर्वांत पुढे मुकादम सोमाजी, सर्वांत मागे म्हातारा पत्रू. मी मुका असलो तरी कोण किती जोर लावतो, हे मला बरोबर कळे. खरे सांगू? सहा जण जमले की प्रत्येक जण थोडे अंग चोरतो. मुद्दाम नव्हे, बाकीचे पाच आहेतच, असे हातांना आपसूक वाटते. सोमाजीसुद्धा चोरायचा, आणि ओरडायचा मात्र सगळ्यांत जास्त.

पत्रू तर मला जेमतेम धरायचा. पण त्याचे डोळे सगळ्यांच्या खांद्यांवर असत. कोणाचा खांदा सैल पडला की तो हाक घाली, "कोलूच्या सासूले घरी आना, हैय्या!" सगळे खो खो हसत, टोळीतला कोलू लाजून दुप्पट जोर लावी, आणि 'हैय्या'ला सारे हात एकाच क्षणी ताणत. ओंडका मुकाट्याने चढ चढे. त्या क्षणी मला एकटे वाटत नसे. तसे सुख मला पुन्हा मिळाले नाही.

एका सकाळी ओंडका खडकात अडला आणि सोमाजी चिडला.

"कोन काम चोरून राह्यला, पाहू द्या. हात दाखवा!"

सगळ्यांनी तळवे पुढे केले. इतरांच्या तळव्यांवर घट्टे होते. पत्रूचे तळवे मऊ.

"पत्रूभाऊ, तुमी नुसती बडबड करता. उद्यापासून येऊ नका."

पत्रूने कोलूकडे पाहिले. कोलू जमिनीकडे पाहत राहिला. पत्रूची हाक सगळ्यांनाच हवी होती, पण मुकादमासमोर तोंड कोण उघडणार? प्रत्येकाला वाटले, दुसरा बोलेल. मी बोलू शकत नव्हतो, मित्रांनो; त्यांना तर तोंडे होती. पत्रू गेला.

मग पाच जण ओढू लागले. कोणी आधी, कोणी मागून. कोणी शेजाऱ्याकडे बघत, तो किती ओढतो ते मोजत. चौथ्या दिवशी अशाच वेड्यावाकड्या हिसक्याने माझे दोन पेड तुटले, ओंडका आडवा घसरला आणि आता सर्वांत मागे असलेल्या कोलूचा पाय चेंगरला.

"नाडाच सडका होता," सगळे म्हणाले. एवढ्यावर मात्र त्यांचे झटकन एकमत झाले.

खाटेवर पडलेला कोलूच शेवटी बोलला, "सोमाजीभाऊ, नाडा नाई सडला. पत्रूभाऊले काऊन काढलं?"

सोमाजी वाईट माणूस नव्हता. तो स्वतः पत्रूच्या घरी गेला, हात जोडले, आणि पत्रू आला. मला गाठ मारून ओंडक्याला बांधले. सगळ्यांनी मला धरले आणि माना वळवून पत्रूकडे पाहिले. आता याच्या हाकेने काय होते ते बघू, असे ते पाहणे होते.

पत्रूने तोंड उघडले. आवाज नाही. पुन्हा उघडले.

"मले हाक सुचून नाई राह्यली," तो म्हणाला. "पयले तुमी ओंडक्याकडे पाहत होते. आता माह्याकडे पाहून राह्यले."

त्याने माझ्यावरचा हात अलगद काढला आणि पायवाटेने निघून गेला. पुढच्या हंगामात लोखंडी साखळी आली. तेव्हापासून मी छपरीतल्या खुंटीवर आहे. इकडे कोणी फिरकत नाही.

जुन्या दोराला ओल्या जागी टाकू नका, एवढेच सांगून मी थांबलो असतो. पण माझे मन त्याने भरत नाही. मित्रांनो, तुमच्यातही एखादा पत्रू असेल. सगळ्यांसमोर त्याची झाडाझडती चालली असेल, तेव्हा जमिनीकडे पाहू नका. तेव्हाच बोला. नंतर बोलावले तर माणूस येतो, त्याची हाक येतेच असे नाही.