मोराच्या चित्रामागचं कुंकू

लालासाहेबांची भर लोकांत नाचक्की व्हावी, असं मला कित्येक वर्षं रोज वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

माझे वडील, अण्णा, साताऱ्याला ड्रॉइंग मास्तर होते. महाबळेश्वरातले गोऱ्या साहेबांचे बंगले रिकामे झाले, तेव्हा तिथून त्यांनी विलायतेतली जुनी सचित्र पुस्तकं एकेक करून जमवली. त्यातलं लाडकं म्हणजे १८९४ सालचं परीकथांचं पुस्तक, पहिली आवृत्ती. त्यातल्या रंगीत मोरावर त्यांचा जीव. एका दसऱ्याला आईने पुस्तकांची पूजा करताना नेमकं त्याच चित्राच्या कोऱ्या पाठीवर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. अण्णांनी घर डोक्यावर घेतलं. पुढे आमच्याकडे पूजा कपाटाच्या दाराची व्हायची.

सांगलीचे लालासाहेब, तासगावच्या द्राक्षबागांचे मालक, यांनाही हाच नाद. त्यांच्या प्रतीत मोर नव्हता. ताडून बघतो म्हणून अण्णांचं पुस्तक घेऊन गेले. परत आलं तेव्हा मोर ब्लेडने कापलेला. अण्णा एसटीने सांगलीला गेले. लालासाहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या पुस्तकात मोर न्हवताच. वय झालं तुमचं." अण्णांनी ते कपाट पुन्हा उघडलं नाही. जाताना शेवटचं बोलले तेही हेच, "मोर होता गं, चारू."

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या पहिल्या दसऱ्याआधी मी लालासाहेबांना कळवलं, दसऱ्याला अण्णांची पुस्तकं तुम्हालाच देते. माणूस हुरळला. पुण्यामुंबईचे पुस्तकांचे शौकीन बोलावले, सगळा संग्रह दिवाणखान्यात पाटांवर मांडला. पाहुणी सवाष्ण म्हणून पूजेचं तबक माझ्याच हातात दिलं.

मी त्यांचं परीकथांचं पुस्तक उघडलं. कडेला डिंकाने चिकटवलेला मोर होता. पान उलटलं. मागे कुंकवाचा डाग, रबराने घासून फिकट केलेला, पण होता.

"हे कुंकू कुणी लावलं, काकी?" लालासाहेबांच्या बायकोला, लीलाबाईंना, मी मोठ्याने विचारलं.

"आमी न्हाई बाई! पुस्तकाला हात लावल्याला ह्यांना खपतोय व्हय? पूजासुदिक यंदाच, लोकं येणार म्हणून."

"मग माझ्या आईने लावलंय," मी म्हणाले आणि पिशवीतून अण्णांचं पुस्तक काढलं.

पुण्याच्या एका पाहुण्याने मोर हळूच सोडवून अण्णांच्या पुस्तकातल्या कापलेल्या कडेला लावला. ब्लेड जिथे घसरलं होतं, तिथेसुद्धा कड कडेला बसली. लालासाहेब घाम पुसत राहिले. मोर अण्णांच्या पुस्तकात ठेवून मी पुस्तक पिशवीत घातलं.

एवढ्याने जीव थंड होईल असं वाटलं होतं. झाला नाही.

मी कुंकवात पाणी घातलं, चांगलं ओलं केलं आणि दुसरं पुस्तक उघडलं.

"अगं पोरी, चित्रावर नको!" लालासाहेब ओरडले.

"करू द्या की तिला," लीलाबाई म्हणाल्या. "सणाच्या दिवशी पूजा अर्धी ठेवत्यात व्हय?"

लालासाहेबांनी पाहुण्यांकडे पाहिलं. कुणीच नजरेला नजर दिली नाही. शेवटी ते हात जोडून उभे राहिले.

मी एकेक चित्र घेतलं आणि कुंकवाचं ओलं बोट टेकवत गेले. पाठीवर नाही, समोरून, चित्रातल्या चेहऱ्यावर. अण्णा असते तर त्यांनी माझा हात धरला असता. अण्णा नव्हते.