नानासोंचा मुद्गल आणि चरबीची गोळी

मित्रांनो, मी कुंडल गावातला एक जुना मुद्गल आहे. खाली जाड, वर मुठीपुरता बारीक, पैलवान दोन्ही हातांनी खांद्यावरून पाठीमागे फिरवतात ते जड लाकूड म्हणजे मी. एका भल्या माणसाचा जीव माझ्यापायी जाता जाता राहिला, म्हणून आज बोलायला बसलो आहे. मला गोड बोलता येत नाही, पण खोटंही बोलता येत नाही.

ज्योतिबा सुताराने बाभळीच्या बुंध्यातून मला घडवलं. वजन अठरा किलो. माझे मालक नानासो पैलवान तेव्हा वीस वर्षांचे होते. ज्योतिबाने मला त्यांच्या खांद्यावर ठेवलं आणि म्हणाला, "नाना, ह्यो तुझा. ह्याला रुसू देऊ नगंस." नानासोंनी मला वीस वर्षं रुसू दिलं नाही. रोज पहाटे मला तीनशे हात, म्हणजे तीनशे वेळा, फिरवायचे. मैदान मारून आले की आधी माझ्यावर गुलाल टाकायचे, मग आरशात बघायचे. तेव्हाचा माझा तोरा काय सांगू, शेजारच्या डंबेलांकडे मी ढुंकूनही बघत नसे.

आमच्या तालमीत एक रीत होती. कुणी "अंग दुखतंय" म्हटलं की वस्ताद हसून म्हणत, "मेहनत लागली म्हणायची." जास्तच कण्हला, तर वर पन्नास बैठका. नानासो स्वतः वस्ताद झाले तेव्हा त्यांनीही हीच रीत पुढे चालवली. अंगदुखी लपवणं म्हणजे मर्दुमकी, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

चाळिशीनंतर कुस्ती सुटली, तालीम दुसऱ्याच्या हाती गेली, खुराक मात्र सुटला नाही. दूध, तूप, रविवारचं मटण, सगळं पूर्वीसारखंच. मी सोप्यातल्या कोपऱ्यात ज्वारीच्या पोत्यांमागे पडलो. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. ज्याने मैदानं पाहिली त्याने कोंबड्या सहन करायच्या, दुसरं काय.

मग गेलं साल उजाडलं, सत्त्याण्णव. ऊस तोडणीच्या दिवसांत नानासोंच्या छातीत दोनदा कळ आली. सुलाबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, त्यांना हट्टाने सांगलीला घेऊन गेल्या. रक्त तपासलं. रक्तात चरबी फार, कोलेस्टेरॉल तीनशेच्या वर. डॉक्टरांनी रोज रात्री एक गोळी दिली आणि दीड महिन्याने परत बोलावलं. घरी आल्यावर सुलाबाई डॉक्टरांचं बोलणं पुन्हा पुन्हा घोकत होत्या: "एकच गोळी घ्यायची. आन् विनाकारण अंग दुखाय लागलं, न्हाईतर लघवी काळपट झाली, तर गोळी बंद करून लगोलग यायचं."

"व्हय, व्हय," नानासो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोती सरकवली आणि मला बाहेर काढलं. फडक्याने पुसलं, तेल लावलं. "चरबी हाय व्हय अंगात? आता बघतो तिला." मित्रांनो, मला इतका आनंद झाला की विचारू नका. त्या आनंदाची मला आज लाज वाटते.

पहिल्या दिवशी पंचवीस हात, आठवड्यात शंभर. वर बैठका. आणि मग त्यांच्या पैलवानी डोक्यात एक हिशेब शिरला. मैदान जवळ आलं की पैलवान मेहनत दुप्पट करतो. तपासणी महिन्यावर आली होती. नानासो रात्री गपचूप एकाऐवजी दोन गोळ्या घ्यायला लागले. एका गोळीने चरबी हटते, तर दोन गोळ्यांनी चीतपट होईल, असा त्यांचा सरळ विचार. गोळी म्हणजे काही बैठक नव्हे, हे त्यांना कोण सांगणार? मी समोर होतो, मला दिसत होतं, आणि मला तोंड नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांचे खांदे बदलले. त्या खांद्यांवर मी वीस वर्षं फिरलो आहे. थकलेला खांदा गरम होतो, थरथरतो, आणि सकाळी पुन्हा ताठ होतो. हे तसं नव्हतं. हे खांदे आतून विरघळल्यागत ढिले पडत होते. मला उचलताना नानासो दात आवळायचे. जोत्यावरून उतरताना खांब धरायचे.

त्यांचा जुना पठ्ठा कृष्णात भेटायला आला. नानासोंचा चेहरा बघून त्याने विचारलं, "वस्ताद, बरं न्हाई का?"

"मांड्या भरल्यात जरा. धा-बारा वर्सांनी मेहनत धरलीया."

"मग सोडू नगा. अंग मोडल्याबिगर मेहनत मुरतीया व्हय?" कृष्णात प्रेमाने म्हणाला आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या मांड्या तेल लावून रगडून गेला.

डॉक्टर म्हणाले होते, विनाकारण अंग दुखलं तर या. पैलवानाचं अंग विनाकारण कधी दुखतच नाही, मित्रांनो. त्याच्याकडे कारण कायम तयार असतं, आणि ते कारण मी होतो. माझ्याकडे बोट दाखवून तो माणूस मरणाकडे चालला होता. मला वाटायचं, आपल्याला वाळवी लागावी, मधोमध तडकावं, चुलीत जावं. पण बाभळीचं लाकूड इतक्या सहजी मोडत नाही.

एके सकाळी नानासो परसात जाऊन आले ते घाबरेघुबरे होऊन. सुलाबाईंना म्हणाले, "उष्णता झाल्यागत वाटतंय. जरा सब्जाचं पाणी दे." का, ते सांगितलं नाही. त्या दिवशीही त्यांनी मला उचललं. चाळीस हात झाले. एकेचाळिसाव्याला मी त्यांच्या हातातून सुटलो आणि जमिनीवर आपटलो. पायावर पडलो नाही, एवढंच नशीब. ते खाली बसले, आणि त्यांना परत उठता येईना. बावन्न वर्षांचा गडी, ज्याने मैदानात दोन-दोन मणांचे पैलवान उचलून टाकले, त्याला स्वतःचं अंग उचलेना.

सुलाबाई धावत आल्या. "आवं, काय हुतंय?"

"काय न्हाई."

"काय न्हाई कसं? सांगा की वो."

"काय न्हाई म्हटलं न्हवं," ते ओरडले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग हळू आवाजात म्हणाले, "लघवी काळ्या चहागत झालीया. तीन दिस झालं."

सुलाबाईंनी फळीवरचं गोळ्यांचं पाकीट काढलं. अजून पंधरा गोळ्या उरायला हव्या होत्या, एकही नव्हती. त्यांनी लगोलग कृष्णातला निरोप धाडला. कृष्णातची जीप आली आणि दोघांनी नानासोंना उचलून आत घातलं.

सोळा दिवस घर बंद होतं. कृष्णात म्हशीला वैरण टाकायला यायचा. एकदा सोप्यात टेकला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "वस्तादांचं मूत्रपिंड बंद पडलंया. मशीनवर रक्त धुत्यात. मीच म्हटलं हुतं, सोडू नगा." तो पोटच्या पोरासारखा रडला. मीही रडलो असतो. ते सोळा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही.

नानासो जिवंत परत आले. काठी टेकत, अर्धे होऊन. आल्यागेल्याला सुलाबाई सांगायच्या ते मी ऐकलं. दुप्पट गोळी आणि दुप्पट मेहनत दोन्ही एकदम अंगावर आली. स्नायू विरघळले, त्यांचा गाळ रक्तात उतरला आणि त्याने मूत्रपिंड तुंबलं. डॉक्टर म्हणाले होते, "ही गोळी कितीकांचं काळीज वाचवते. क्वचित कुणाला अशी बाधते. दुखणं सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात आला असता तर नुसती गोळी बंद करून भागलं असतं." पहिल्या आठवड्यात. हे वाक्य ऐकताना नानासो भिंतीकडे तोंड करून बसायचे.

छातीचा धोका तर तसाच होता. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली, अगदी कमी ताकदीची, दर पंधरवड्याला रक्त तपासायच्या बोलीवर. नानासो ती हातात घेऊन बराच वेळ बघत बसायचे. घ्यावी तर भीती, न घ्यावी तर भीती. सुलाबाईही पाण्याचा तांब्या घेऊन तशाच उभ्या राहायच्या. त्या घरात त्या दिवसांत कुणी धड जेवलं नाही.

काल सकाळी नानासो बाजेवरून उठताना थांबले. हात डाव्या मांडीवर गेला. मला कळलं. सुलाबाई चुलीपाशी होत्या, त्यांची पाठ होती. नानासो माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि मला वाटलं, संपलं, हा माणूस आता गप्पच राहणार.

"सुला," ते म्हणाले. "मांडी दुखतीया."

भाकरी तव्यावर तशीच टाकून सुलाबाई आल्या. कधीपासून, किती, लघवी कशी आहे, सगळं विचारलं. लहान पोराने सांगावं तसं त्यांनी एकेक सांगितलं. नऊच्या गाडीने दोघं सांगलीला गेली. अजून आलेली नाहीत. रक्तात काय निघालं, मला ठाऊक नाही, आणि जीव टांगणीला लागला आहे.

मित्रांनो, मी लाकूड. मला कळत होतं आणि बोलता येत नव्हतं. तुम्हाला बोलता येतं. घरात कुणी अशी गोळी घेत असेल तर ती आपल्या मनाने वाढवू देऊ नका, आणि आपल्या मनाने बंदही करू देऊ नका. अंग दुखतं का, म्हणून विचारा. 'काय न्हाई' म्हणाले, तर तिथेच बसा आणि पुन्हा विचारा.