घाटेअळीच्या लेकी

येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, सभा ठेवण्याची अक्कल मल्लेशचीच. उदगीरकडच्या त्या गावात या दिवशी घरांना कुलपं आणि माणसं शेतात. शेतातल्या कडब्याच्या कोपीत आंबिल ओरपून सुस्तावलेल्या माणसांना गाठावं, होकार घ्यावा आणि मोकळं व्हावं, असा त्याचा हिशेब. घाटेअळीनं सलग तीन हंगाम त्याचा हरभरा पोखरला होता. कीड-संशोधन संस्थेनं वाढवलेले याच अळीचे पतंग शिवारात सुटले तरच यंदा पीक हाती लागणार होतं. अट एकच, शिवारातल्या एकानंही नाही म्हटलं तर पतंग सोडायचे नाहीत.

गावातल्या जुन्या जाणत्या बसलिंगप्पांच्या कोपीपुढं सगळे जमले. संस्थेच्या लुंबिनीताईंनी जाळीची पेटी मधोमध ठेवली. आत मातकट पतंग, सगळे नर, जाळीला चिकटून गप्प.

“हे प्रयोगशाळेत घडवलेत,” त्या म्हणाल्या. “बाहेरच्या माद्यांशी जोडी जमवतात. पिल्लांतल्या मुली अळी असतानाच मरतात. मुलगे जगतात.”

“आन् मग?” बसलिंगप्पांनी विचारलं.

“मुलग्यांच्या मुलीही तशाच मरतात. हळूहळू माद्याच उरत नाहीत. नर शोधत फिरतात, कुणी सापडत नाही. मग तेही संपतात.”

एरवी जोडीचं नाव निघालं की एकमेकांची सालटी काढणारी मंडळी, पण आज कुणी हसलं नाही. मल्लेशनं सहज मान वळवली. त्याच्या बरोबरीचे सगळे ओळीनं मांडी घालून बसले होते, चाळिशीला टेकलेले, त्याच्यासारखेच बिनलग्नाचे. पलीकडं लिंबाच्या झोक्यावर चार पोरं होती. पोरगी एकही नव्हती. आजवर हे त्याला दिसलंच नव्हतं, आणि आता नजर हटेना.

त्याची आई सिद्धम्मा पेटीपाशी येऊन वाकली. तिनं जाळीवर बोट टेकवलं, तसे सगळे पतंग सरसर त्या बोटाकडं सरकले.

“मल्लेशच्या पाठीवर दोनदा दिवस ऱ्हायले,” ती पेटीकडं बघतच म्हणाली. “दोन्ही बारीला पोटावर मशीन फिरवलं. पोरगी हाय म्हणले. पाडलं.”

“अव्वा, काय बोलायलीस?”

“तुज्या भैनी व्हत्या रं.”

बसलिंगप्पांनी खाली मान घातली. बाकीचे पुरुषही आपापल्या पायांकडं बघू लागले.

“मावशी, नको असेल तर नाही म्हणा,” लुंबिनीताई चाचरत म्हणाल्या. “मी विचारायलाच आलेय.”

सिद्धम्मा हसली. ते हसू मल्लेशनं कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याला आईची भीती वाटली.

“अळीच्या लेकींसाठी बी तुमी गावाला इचारायलेत. लई चांगलं हाय. मला कुणी इचारलं न्हाई.” तिनं सगळ्यांच्या आधी हात वर केला. “सोडा.”

मग एकेक करून सगळे हात वर गेले. लुंबिनीताईंची नजर फिरत फिरत मल्लेशपाशी थांबली. या होकारासाठी महिनाभर गावाचे उंबरे झिजवले ते त्यानंच, आणि आता त्याचाच हात मांडीवरून उचलेना.

“मल्लेश?”

“न्हाई,” तो म्हणाला. “हरभरा जाऊ द्या. पेटी घेऊन जावा, ताई.”