मासिकांच्या मांडणीला सवत आली

मित्रांनो, मी एक जुनी मांडणी आहे. भांड्याकुंड्यांची नव्हे, मासिकांची. सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, दारातून आत आलात की डाव्या हाताला मी उभी असते. आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव जळका आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर जो संगणक बसलाय ना, तो मला डोळ्यांसमोर नकोसा होतो. मनातल्या मनात मी त्याला सवत म्हणते. हसू नका. तुमच्या हक्काच्या जागेवर दुसरं कुणी येऊन बसलं, की मग कळेल.

सिद्धलिंगप्पा सुताराने मला जुन्या सागवानातून घडवली. माझ्या प्रत्येक खणाला उतरतं झाकण आहे. मासिकाचा ताजा अंक झाकणावर ठेवायचा, झाकण उचललं की आत त्या वर्षाचे मागचे अंक. वर्ष संपलं की आतले अंक काढून खण मोकळा करायचा. साधी सोय, पण काय थाट होता तिचा! पोरं यायची एक मासिक शोधायला आणि शेजारचं दुसरंच घेऊन वाचत बसायची. मी कुणाला मागितलेलं तर द्यायचेच, न मागितलेलंही द्यायचे.

खंडेनवमीला सुतार करवतीची पूजा करतो, विणकर मागाची करतो. ग्रंथालयात पूजा असायची माझी. शिपाई मल्लप्पा मला पुसून झेंडूची माळ घालायचा, हळदीकुंकू लावायचा. एका वर्षी उत्साहाच्या भरात त्याने नारळ पायरीवर न फोडता थेट माझ्या कोपऱ्यावर फोडला. पाणी वरच्या ओळीतल्या एका खणात झिरपलं, लाकूड फुगलं आणि त्या खणाचं झाकण जे घट्ट बसलं ते बसलंच. वर्षाच्या अखेरीस मल्लप्पाने ओढून पाहिलं, मग "नंतर बघू की" म्हणून सोडून दिलं. त्या 'नंतर'ला बरीच वर्षं उलटली.

तो खण आबासाहेबांच्या त्रैमासिकाचा होता. आबासाहेब मूळचे जेऊरचे. कोरडवाहू शेतीवर संशोधकांचे आणि जाणत्या शेतकऱ्यांचे लेख जमवायचे आणि स्वतः अंक छापायचे. ग्रंथालयाला नेहमी दोन अंक द्यायचे, एक माझ्यासाठी आणि एक बांधणीसाठी. वर पुन्हा बघायला यायचे. "माझा अंक कुटं हाय? वरच्या वळीतच ठेवा की!" असं म्हणत स्वतःच्या हाताने तो सरळ करायचे. त्यांच्या हाताला छापखान्याच्या शाईचा वास असायचा. खोटं कशाला बोलू, मला तो माणूस फार आवडायचा.

मग संगणक आला. पाठोपाठ इंटरनेट आलं. बाहेरगावची मोठी मासिकं छापील यायची बंद झाली. पडद्यावर वाचा म्हणाली. माझे खण एकेक करून रिकामे पडले. नव्याचे नऊ दिवस, असं म्हणून मी मन घट्ट केलं, पण ते नऊ दिवस काही संपेनात. कागद आणि टपाल महागलं तसं आबासाहेबांनीही छपाई थांबवून त्रैमासिक इंटरनेटवर नेलं. ते ग्रंथालयात आले, माझ्यासमोरून गेले आणि खिशातून फोन काढून ग्रंथपाल बिराजदार मॅडमना दाखवू लागले. "विजापूरकडची माणसंबी वाचत्यात आता. काल तिकडनं फोन आला हुता!" केवढा आनंद झाला होता त्यांना! माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या तळखणाची आग पार माथ्यावर गेली.

मॅडमनी त्यांचे जुने अंकही इंटरनेटवर चढवायचं ठरवलं. स्कॅनरमध्ये पानं सपाट बसावीत म्हणून बांधलेले खंड उसवले. मल्लप्पाने एकेक पान काचेवर दाबून धरलं, आणि काम झाल्यावर सगळा ढीग रद्दीत गेला. पाठोपाठ माझी पाळी होती. यंदाच्या खंडेनवमीला मल्लप्पाने माळ आणली ती एकच, आणि घातली संगणकाला. नारळाला मात्र मॅडमनी हात लावू दिला नाही. "मशीनजवळ पाणी नको हं!" मी म्हटलं, अहो, फोडा की! होऊ दे अभिषेक! पण माझं ऐकतो कोण? उलट त्याच दिवशी माझ्या पाठीवर खडूची फुली मारली गेली. म्हणजे दिवाळीची सुट्टी संपली की मी भंगारात.

सुट्टी संपली त्या सकाळी सिद्धेश्वरी आली. मंगळवेढ्याची ही मुलगी ज्वारीच्या जुन्या जातींवर प्रबंध लिहीत होती. मंगळवेढ्याच्या एका शेतकऱ्याने पाऊस हुकलेल्या सालांत आपल्या शेतातल्या ज्वारीचा एकरी उतारा नोंदवला होता. ते आकडे आबासाहेबांच्या एका जुन्या अंकात छापले होते, आणि तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावरच उभं होतं. प्रबंध द्यायची मुदत तोंडावर आली होती. पडद्यावर अंक उघडला, पान आलं, तक्ता आला, आणि आकड्यांच्या रांगेवर आडवा पडलेला एक भला मोठा अंगठा!

"मल्लप्पामामा, हा अंगठा कुणाचा?"

मल्लप्पा वाकून पाहू लागला. अंगठ्यात तांब्याचं वेढं होतं. त्याने आपला हात पुढे धरून ताडून पाहिलं. "अय्यो! माझाच की!"

मित्रांनो, मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मिरव आता झेंडूची माळ! पण सिद्धेश्वरी डोळे पुसू लागली. "आकडेच नाहीत तर मी काय लिहू, मॅडम? गाईड म्हणतात, मूळ अंक दाखव, नाहीतर ते प्रकरण काढून टाक." तेव्हा माझा आनंद जागच्या जागी विरला. कारण तो अंक माझ्या पोटात होता. आणि मला तोंड नव्हतं.

मॅडमनी आबासाहेबांना फोन लावला. ते काठी टेकत आले. त्यांच्याकडचे अंक वाळवीने कधीच खाल्ले होते. "पर मी दोन अंक द्यायचो न्हवं?" ते म्हणाले. "एक बांधनीला गेला. दुसरा कुटं गेला?"

मल्लप्पाने डोकं खाजवलं. "ते नारळाचं पानी गेलं, त्याच साली का हो?"

"व्हय की! त्याच साली!" आबासाहेब म्हणाले.

पेचकस आला. झाकणात घालून मल्लप्पाने जोर लावला, तसं माझं सागवान कडाडलं, बिजागरी उपटून आली, झाकण मधोमध चिरलं. दुखलं हो, फार दुखलं. पण संगणकाकडे पाठ करून सगळी माणसं माझ्याकडे वळली होती. आतून अंक निघाला. कडा कसरीने कुरतडलेल्या, पण तक्ता शाबूत. सिद्धेश्वरीने आकड्यांवरून बोट फिरवलं आणि अंक छातीशी धरला.

लगेच मॅडम म्हणाल्या, "आधी स्कॅन करा! आणि मल्लप्पा, अंगठा बाजूला!"

म्हणजे माझ्या पोटातलं शेवटी गेलं सवतीच्याच घरात. आता मंगळवेढ्यातही ते वाचता येतं म्हणे. बरंच आहे, पण मला झोंबायचं ते झोंबलंच.

मॅडमनी मात्र त्या संध्याकाळी ओल्या फडक्याने माझ्या पाठीवरची फुली स्वतः पुसली. मल्लप्पाने चिरलेल्या झाकणाला खिळे ठोकून ते परत बसवलं.

पुढे सिद्धेश्वरीला पदवी मिळाली. तिचा पहिला लेख आबासाहेबांच्या त्रैमासिकात आला, अर्थात इंटरनेटवर. तो छापून घ्यायला ती ग्रंथालयात आली. पानं टाचून तिने ती माझ्या त्या खिळे मारलेल्या झाकणावर ठेवली. आबासाहेब बरोबर होते. त्यांनी फोन खिशात घातला आणि पुढे होऊन पूर्वीसारखीच पानं सरळ केली.

"हितं बरं दिसतंय की," ते म्हणाले.

मित्रांनो, नवं जरूर आणा. मी नको म्हटलं म्हणून ते यायचं थोडंच थांबणार आहे? पण जुन्यावर फुली मारण्याआधी एकदा त्याचं झाकण उघडून बघा. आणि उघडताना जरा हळू.

मी अजूनही जळते. समोर तो निळा पडदा उजळला की जळते. पण ती पानं माझ्या अंगावर ठेवली तेव्हा यंत्रातून नुकतीच आल्यामुळे अजून कोमट होती. पोर सवतीचं होतं, मला ठाऊक होतं. तरी मांडीवर घेतलं.