मानवलेली लेक

फोनवर महामाया एवढंच म्हणाली होती, "आई, मले घेऊन जाय." म्हणून बनाबाई दुसरबीडहून एसटीनं जानेफळला लेकीच्या सासरी आली. महिनाभर तिला माहेरी न्यायचं, असं ठरवूनच.

दारात महामाया दिसली आणि बनाबाई कशासाठी आली तेच विसरली. गाल भरलेले, ब्लाउज दंडात रुतलेला. बनाबाईच्या काळी लेकी सासरहून चिपाडासारख्या परत यायच्या. थोरली बहीण पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. आईनं काही न विचारता भाकरी थापायला घेतली होती. अंगानं भरलेली लेक सुखात असते, हे तेव्हापासून बनाबाईच्या मनात पक्कं बसलेलं. तोंडून निघून गेलं, "सासर मानवलं वो माह्या पोरीले."

ओट्यावर गहू निवडणाऱ्या विहिणीनं, धम्मशीलानं, सोबत बसलेल्या शेजारणींकडे, ऐकलंत ना अशा नजरेनं, एकदा पाहून घेतलं.

आत खाटेवर सासरा भाऊराव लकव्यानं पडलेला. हाक मारता येत नसे, म्हणून तो खाटेच्या लोखंडावर पेला आपटायचा. आवाज आला की महामायाचे खांदे कानांपर्यंत चढत. त्याची कूस वळवणं, अंग पुसणं, भरवणं तिच्याकडेच. नवरा पुण्याला कंपनीत, सासूची कंबर गेलेली. सलग झोप अशी नव्हतीच. मधेच ती गॅसपाशी उभ्यानंच पोळी-गूळ तोंडात कोंबायची. बनाबाईनं ते दिवसभर पाहिलं, आणि संध्याकाळी विषय काढला.

"महिनाभर नेतो म्हन्लं पोरीले."

"काऊन?" धम्मशीला हसली. "तुमीच म्हन्लं ना, मानवलं? मानवलेल्या पोरीले कशाले हलवता, इहीनबाई?"

 बनाबाईचाच शब्द दाराला अडसर होऊन बसला होता.

महामायाचे गुडघे धरले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी माय-लेकी मेहकरला डॉक्टरांकडे गेल्या. नाजिश डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून घेतलं आणि त्याचा कागद पाहिला. "अंगात सूज आहे."

बनाबाईनं वाकून लेकीच्या घोट्यावर अंगठा दाबला. "कुठी हाय? खड्डा तं पडत नाही."

"आतली सूज, मावशी. बोटाला लागत नाही." मग त्या महामायाकडे वळल्या. "झोप नाही, जिवाला सारखा धाक. मग शरीराला वाटतं संकट आलंय. ते भूक वाढवतं, पोटावर चरबी साठवतं. ती चरबी गप्प बसत नाही, रक्तात निरोप सोडते. त्यानं बारीक सूज धरते. सूज धरली की शरीराला पुन्हा वाटतं, संकट आलंय."

"मंग यातून निंघावं कुठून?" महामायानं विचारलं.

"कुठंतरी तोडावं लागेल. आधी झोप. हा धाक थोडे दिवस सुटला पाहिजे."

परतीच्या एसटीत बनाबाईला थोरली बहीण आठवली. बहिणीचं अंग आटलं होतं, हिचं फुगलं. दुखणं एकच, आणि आपण दारात उभं राहून त्याचं कौतुक केलं.

घरी आल्यावर तिनं पिशवी खाली ठेवली नाही, लेकीच्या हातात दिली. "तू जाय दुसरबीडले. मी राह्यतो इथं."

धम्मशीलाच्या हातातलं सूप थांबलं. "इहीन व्याह्याचं अंग पुसन? गाव काय म्हनन?"

"गावाले सांगा, इहीनीलेबी जानेफळ मानवलं."

"आई, तुह्याच्यानं उचलनं होईन का?" महामाया पुटपुटली.

"तुले नऊ महिने उचललं. जाय, गाडी निंघून जाईन."

लेक गेली. फाट्याकडे वळताना तिनं मागे पाहिलं नाही, आणि बनाबाईला ते बरं वाटलं. मग तिनं पदर खोचला, भाऊरावच्या पाठीखाली हात घातला. नुसती हाडं उरलेला माणूस, पण जड. त्यानं लाजून भिंतीकडे तोंड केलं. तिनंही नजर भिंतीवरच ठेवली.

धम्मशीलानं चहा आणून टेकवला. आवाज आता मऊ होता. "किती दिवस राह्यता मंग?"

"पोरीची सूज उतरेपावतर."

म्हणून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, ती किती दिवसांत उतरते, हे डॉक्टरीणबाईंना विचारायचं राहूनच गेलं होतं. बाहेर धम्मशीला फाटकाची कडी लावत होती.