एकशे चाळीसचं जेट

"जेट एकशे पंधराचं. त्याच्यावर एक आकडा नको," नॉर्काने वेणी हेल्मेटमध्ये कोंबत बजावलं. "चढावर मला दम हवाय बाबा, धूर नकोय."

"आणि उतारावर?" सातुर्निनोने विचारलं. तो किटलीत थर्मामीटर बुडवून बसला होता.

"उतारावर तुम्ही आहात ना! मी खिंडीत थांबते, तुम्ही एकशे चाळीस घाला, तोवर मी तुमचा कोकाच्या पानांचा चहा पिते. चार मिनिटांचं काम. ठरलंय आपलं."

"ठरलं तर त्याच्याशीही होतं."

नॉर्काचे हात थांबले. सासऱ्याकडे न बघताच ती म्हणाली, "मी ग्रोव्हर नाही, बाबा," आणि दारूची बाटली घेऊन चाकांकडे गेली. चारही चाकांपाशी धरणीमातेला तिचा घोट दिल्याशिवाय ओरुरोतली गाडी शर्यतीला निघत नाही. हे काम नॉर्का सावकाश, मनापासून करायची.

किटलीतलं पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांनाच उकळलं. एकतीस वर्षं सातुर्निनो रोज सकाळी हेच बघत आला होता. हवा जितकी पातळ, तितकं पाणी लवकर उकळतं. आणि हवा पातळ म्हणजे इंजिनालाही पेट्रोल कमी लागतं. ते किती द्यायचं, हे कार्ब्युरेटरमधलं पितळेचं, नखाएवढं जेट ठरवतं. एकशे पंधरासारखं बारीक भोकाचं जेट घातलं की गाडी खिंडीपर्यंत हसत चढते; एकशे चाळीससारखं मोठ्या भोकाचं घातलं तर जास्तीच्या पेट्रोलने काळा धूर ओकत रखडते. पण तेच बारीक जेट घेऊन पलीकडे खाली कोचाबांबाच्या दाट हवेत उतरलं, की इंजिन उपाशी राहतं, तापतं आणि पिस्टन वितळून चाकं जागच्या जागी जाम होतात. म्हणून खिंडीत थांबून जेट बदलायचं. त्याच्या जन्मभराच्या कारागिरीचं सार एवढंच होतं आणि ते सांगायला त्याला एक मिनिटही लागलं नसतं.

सहा वर्षांपूर्वी याच शर्यतीत त्याचा मुलगा ग्रोव्हर थांबला नव्हता. दोन मिनिटांनी पुढे होता तो. खिंडीत सातुर्निनो हात वर करून रस्त्याच्या मधोमध उभा होता. तिथल्या गारठ्यात पितळ बोटांना चिकटतं, म्हणून सगळे मिस्त्री जेट तोंडात धरून ऊब देतात. त्याच्याही दातांत एकशे चाळीसचं जेट होतं. ग्रोव्हरला वाटलं, बाप हात करतोय. त्यानेही हसून हात केला, गाडी बाजूने काढली आणि गेला. उतारावरच्या अकराव्या वळणावर चाकं जाम झाली; ग्रोव्हर वाचला नाही.

लोक म्हणाले, पोरगा हट्टी होता. नॉर्काही तेच म्हणाली आणि रडली. आपल्या तोंडात जेट होतं, त्यामुळे हाक मारता आली नाही, हे मात्र सातुर्निनोने कुणालाच सांगितलं नाही. ते त्याला आतून खात राहिलं.

त्यानंतर नॉर्काने पोटासाठी मिनीबस चालवली आणि मोडक्या गाडीचा एकेक भाग जमवून ती पुन्हा उभी केली. चालवायला नवऱ्यापेक्षा काकणभर सरस होती ती. आज पहिल्या तिनांत आली असती तर एका मोठ्या संघात तिला जागा मिळणार होती. मिनीबस कायमची सुटली असती. एकेचाळिसाव्या वर्षी असं बोलावणं दुसऱ्यांदा येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सातुर्निनोने एकशे पंधराचं जेट तळहातावर घेतलं. नॉर्का मागच्या चाकापाशी वाकून पुटपुटत होती. त्याने ते खिशात टाकलं, डबीतून एकशे चाळीसचं काढलं आणि घट्ट बसवलं. नाहीच थांबली, तरी जगेल. हरेल, चिडेल, पण संध्याकाळी घरी येईल. हे एवढं मनाशी म्हणून त्याने शर्यत सुटायच्या आधीच खिंडीचा रस्ता धरला.

खिंडीत एउलोहिया म्हातारी नेहमीच्या जागी उकडलेले बटाटे विकत बसली होती.

"काय रे सातुको, अजून जिवंत आहेस?"

"तुझे बटाटे शिजायची वाट बघतोय."

"मग शंभरी गाठशील! पाणी पंच्याऐंशीलाच उकळतंय मेलं, बटाट्याला त्याची भीतीच वाटत नाही." ती हसली, मग त्याच्याकडे नीट बघत म्हणाली, "चेहरा का असा? थांबेल ती. शब्दाची पक्की आहे."

सातुर्निनोने एका दगडावर कप ठेवला, चहा ओतला आणि वर बशी झाकली. एकशे चाळीसचं दुसरं जेट सवयीने तोंडात धरलं. खरं तर त्याची आज गरजच नव्हती.

पहिली गाडी आली, दुसरी आली. काहींचे मिस्त्री धावले, काही न थांबताच गेल्या. पाचवी गेली, आठवी गेली. मग खालच्या वळणावर काळा धूर दिसला आणि त्याच्यापुढे खोकत, धापा टाकत वर येणारी पांढरी गाडी. दहावी. सातुर्निनोला एकीकडे हायसं वाटलं आणि दुसरीकडे स्वतःची लाज वाटली. त्याने हात वर केला नाही. आता ही कशाला थांबतेय? एवढी मागे पडलेली बाई चार मिनिटं आणखी का घालवेल?

नॉर्काने ब्रेक दाबला आणि गाडी बरोबर त्याच्या पायांपाशी उभी केली.

"करा लवकर!" तिने उडी मारून बॉनेट उघडलं. "काय झालंय हिला कोण जाणे. चढावर नुसती रडत होती. तिसऱ्या वळणापासून सगळे मला मागे टाकून गेले."

त्याने फडक्याने जेट सोडवायला घेतलं. नॉर्का बाजूला उभी राहून धुराकडे बघत होती. सहा वर्षं ती त्याच्याच हाताखाली काम शिकली होती.

"बाबा," ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "एकशे पंधरावर धूर काळा कसा येईल?"

त्याने सुटलेलं जेट फडक्यात गुंडाळलं.

"तोंडातलं द्या." तिने हात पुढे केला. त्याने जेट तिच्या तळहातावर ठेवलं. तिने बाहीला पुसून आकडा वाचला. "आता काढलेलं दाखवा."

फडक्यातलं गरम जेट त्याने पुढे केलं. दोन्हींवर एकच आकडा होता. एउलोहिया बटाट्यांची टोपली सोडून उठली, पण जवळ आली नाही. आणखी एक गाडी न थांबता निघून गेली.

"म्हणजे मला सकाळीच मेलेली धरून चालला होतात तुम्ही," नॉर्का म्हणाली. आवाजात राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"त्याला हाक मारता आली नाही गं मला. तोंडात जेट होतं," सातुर्निनो म्हणाला. सहा वर्षांत हे पहिल्यांदाच त्याच्या तोंडून बाहेर आलं होतं.

तिने डोळे मिटले. वाऱ्याने तिची वेणी हेल्मेटमधून सुटून खांद्यावर आली होती. मग तिने त्याचे काळे, गारठलेले हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि थोडा वेळ नुसते चोळले.

"त्या आवाजात कुणाची हाक ऐकू येते, बाबा? तुमचा दोष नव्हता तो." तिने त्याचे हात सोडले. "पण मी थांबले ना."

तिने दोन्ही जेटं त्याच्यासमोर फडक्यावर ठेवली.

"बसवा आता कुठलंही," ती हेल्मेट आवळत म्हणाली. "सारखीच आहेत."

त्याने एक बसवलं. तिने बॉनेट आपटलं आणि आत बसली. चहाकडे तिने पाहिलंही नाही. पहिल्या तिनांतली जागा गेली होती, संघातली गेली होती. सोमवारी पहाटे पुन्हा मिनीबस होती. तरी तिने गाडी अशी काढली, जणू पुढे एकच गाडी उरली आहे.

सातुर्निनोला ओरडून काहीतरी सांगायचं होतं. माफ कर म्हणायचं होतं, की सांभाळून जा, की दोन्ही. पण उरलेलं जेट तोपर्यंत हाताने सवयीने तोंडात घातलं होतं. तो तसाच उभा राहिला. नॉर्काने हात केला नाही.

गाडी अकराव्या वळणावरून सुखरूप पुढे गेलेली खाली दिसली, तेव्हा त्याने जेट तोंडातून काढलं. ते चांगलं ऊबदार झालं होतं.