ओलं कपाळ

मी एक जुनी ताप मोजायची बंदूक आहे. घाबरू नका मित्रांनो, माझ्यातून गोळी सुटत नाही, नुसता आकडा दिसतो. हुबळीत केशवापूरच्या एका शाळेच्या कपाटात, खडूच्या खोक्यामागे सध्या माझा मुक्काम आहे. आज कुणी माझ्याकडे ढुंकून बघत नाही. पण एक काळ असा होता, की मला कपाळ दाखवल्याशिवाय एकही मूल फाटकातून आत जात नव्हतं. खुद्द मुख्याध्यापक जयतीर्थ सर टोपी काढून माझ्यापुढे वाकायचे. त्याचा मला तोरा होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे.

करोनामुळे दीड वर्ष बंद असलेल्या शाळा उघडणार, असं ठरल्यावर दाजीबानपेठेतल्या एका कापड दुकानदाराने मला शाळेला भेट दिलं. मी आले ती शाळेच्या सेविका नागुबाईंच्या हातात. पहिल्या दिवशी त्यांनी मला उलटं धरलं आणि स्वतःचाच ताप मोजला. आठवडाभरात मात्र आमची अशी गट्टी जमली, की दोनशे मुलांची रांग प्रार्थनेआधी आत जायची.

त्या रांगेत पहिली असायची सातवीतली आरुषी. तिचे वडील प्रेमानंद गोकुळ रोडवरच्या कारखान्यात कामाला. घरात फोन एकच, तोही दिवसभर त्यांच्या खिशात. त्यामुळे दीड वर्ष तिला ना वर्ग दिसला ना बाई. ती रोज नागुबाईंना विचारायची, "अक्का, शाळा परत बंद न्हाई ना व्हणार?"

आणि मग आजूबाजूच्या शाळांतली मुलं आजारी पडू लागली. जिथे लागण सापडेल ती शाळा आठवडाभर बंद, असा हुकूम आला. त्यानंतरच्या सोमवारी आरुषी रांगेत सगळ्यांत शेवटी उभी होती. केस कपाळाला चिकटलेले, नजर खाली. मी आकडा दाखवला, ९४.१.

इतक्या कमी आकड्याला कोण भितं? नागुबाई तिला आत सोडू शकल्या असत्या. पण त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग फाटकाजवळच्या नळाकडे. त्यांनी पदराने तिचं कपाळ कोरडं केलं, तिला सावलीत बसवलं आणि थोड्या वेळाने मला पुन्हा समोर धरलं. या वेळी मी १०१.४ दाखवला.

"नळाखाली डोकं घातलंस व्हय ग?"

आरुषीला रडू फुटलं. "माझ्यामुळं शाळा बंद पडंल, अक्का."

"लपवलंस तर लई दिवस बंद पडंल. तुझ्या बाकावर दीपश्री बसती की. तिच्या घरात म्हातारी आजी हाय." नागुबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुझ्या अप्पाला फोन लावते. गप बस इथंच."

तपासणीत आरुषीला लागण निघाली, दीपश्रीलाही. शाळा सात दिवस बंद राहिली. दोघी घरीच बऱ्या झाल्या, आजीला काही झालं नाही आणि वर्गातलं आणखी कुणी आजारी पडलं नाही. कुणामुळे शाळा बंद झाली, असं मुलं खोदून खोदून विचारत. नागुबाई सांगत, "बंदूक आकडा सांगती, नाव न्हाई." हे ऐकून माझी छाती किती फुगली असेल, ते तुम्हीच ओळखा.

आता मी म्हातारी झाले. माझे सेल कुणी काढले नाहीत, त्यामुळे आतून गंज चढतो आहे. तेवढे काढून ठेवाल का? पुन्हा कधी गरज पडली तर मला उभं राहायचं आहे. आणि अंगात ताप असेल तर तो माझ्यापासून लपवू नका. बंद झालेली शाळा उघडते, मित्रांनो. मी ती उघडताना पाहिली आहे. त्या सकाळी रांगेत पहिली आरुषी होती. तिने रुमाल काढला, आपलं कपाळ स्वतःच नीट पुसून कोरडं केलं आणि मान वर करून माझ्यासमोर उभी राहिली.